लवचिक कार्बन-पटल : भुकटीपासून विद्युदग्राकडे

बंगळूर शहराच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे गाव 1882 साली वसले. डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीवसाहतीकरिता म्हैसूरच्या महाराजांनी तेथे जमीन दिली, आणि वसाहतीस त्यांचेच नाव मिळाले. पुढे शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत पोहोचले. आज या बाजूस जाणाऱ्या प्रवाशास वाटेत ‘ग्रॅफाइट इंडिया’ नावाचा चौक लागतो. तेथे त्या नावाच्या कंपनीचा विद्युदग्रांचा, म्हणजे इलेक्ट्रोडांचा, कारखाना होता. त्याच कंपनीचा एक कारखाना नाशिकजवळ सातपूर येथे असल्याने महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांस तिचे नाव परिचित असेल.

अशा कारखान्यांत तयार होणारे विद्युदग्र म्हणजे कार्बनाचे प्रचंड, घट्ट व कठीण दंडगोल होत. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा कोक भाजून दळतात, डांबरापासून मिळणारी पिच त्यात कालवितात, त्या लगद्यास दाबाने दंडगोलाचा आकार देतात, आणि तो प्रथम सुमारे 800 ते 1,000 अंश सेल्सिअसपर्यंत भाजून नंतर विजेच्या साहाय्याने 3,000 अंशांच्या जवळपास तापवितात. या शेवटच्या क्रियेत कार्बनाचे अणू ग्रॅफाइटाच्या थरांत सुव्यवस्थित बसतात. पोलाद वितळविणाऱ्या विद्युत् भट्टीत हे दंडगोल सोडले जातात. माणसाच्या कवेत न मावणाऱ्या या वस्तूचा आरंभ मात्र मुठीत मावणाऱ्या भुकटीपासून होतो. आणि ती भुकटी मुठीत राहत नाही, हीच अडचण आहे. व्हाइटफील्ड परिसरातील रहिवासी घराच्या ओसरीवर व गच्चीवर बसणाऱ्या काळ्या धुळीबद्दल अनेक वर्षे तक्रार करीत होते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि 2019 साली कंपनीने तेथील उत्पादन थांबविले. चौकाचे नाव तेवढे राहिले.

कार्बनाची भुकटी बांधून ठेवणे हा प्रश्न कारखान्याप्रमाणेच प्रयोगशाळेतही पडतो, परंतु तेथे त्याचे रूप निराळे असते. कारखान्यास कण असे जोडावयाचे असतात की, मध्ये पोकळी उरू नये. प्रस्तुत लेखात ज्या विद्युदग्राचा विचार करावयाचा आहे त्यात याच्या उलट हवे असते : कण एकमेकांस धरून राहिले पाहिजेत, पण त्यांच्यातील व त्यांच्या पोटातील पोकळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत, आणि तयार झालेले पटल कागदासारखे वाकले पाहिजे, तडकता कामा नये.

पोकळी कशासाठी

विद्युत्-विच्छेद्य द्रवात बुडविलेल्या कार्बनास विद्युत् भार दिला असता द्रवातील विरुद्ध भाराचे आयन त्याच्या पृष्ठभागाशी येऊन खेटतात. पृष्ठावरील भार आणि त्यास खेटलेले आयन यांचे जणू दोन थर समोरासमोर उभे राहतात. हेल्महोल्ट्स यांनी 1853 साली या द्विथराची कल्पना मांडली. दोन थरांतील अंतर एका मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी असते, म्हणून हे एक अतिशय समर्थ धारित्र बनते. गुळगुळीत पृष्ठावर दर चौरस सेंटिमीटरमागे त्याची धारकता साधारणतः 10 मायक्रोफॅरड भरते. हा आकडा ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. पण नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेत तापवून जो सक्रियित कोळसा मिळतो, त्याच्या एका ग्रॅमच्या पोटातील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे 1,000 चौरस मीटर, म्हणजे एक कोटी चौरस सेंटिमीटर, क्षेत्र भरते. एक कोटीस 10 मायक्रोफॅरडने गुणिले असता उत्तर 100 फॅरड येते. रेडिओच्या यंत्रात वापरले जाणारे धारित्र मायक्रोफॅरडांत मोजतात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस चिमूटभर कोळशाच्या या सामर्थ्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही.

सच्छिद्र कार्बनाचे असे धारित्र करण्याचे पहिले पेटंट 1957 साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एच. आय. बेकर यांस मिळाले. वीज नेमकी कशी साठते हे निश्चित ज्ञात नाही, अशी प्रांजळ कबुली त्या पेटंटातच आढळते. याच कंपनीने 2000 साली व्हाइटफील्ड येथे जॉन एफ. वेल्च यांच्या नावाने आपले मोठे संशोधन केंद्र उघडले, हा निव्वळ योगायोग होय. भारतात या धारित्रांवरील काम मुख्यतः शासकीय प्रयोगशाळांत झाले. केरळात त्रिशूर येथील सी-मेट संस्थेच्या आणि इतर संस्थांच्या साहाय्याने केल्ट्रॉन या राज्यशासकीय कंपनीने कण्णूर येथे 2024 साली त्यांचे उत्पादन सुरू केले.

धारित्राची गुंडाळी करावयाची असो, अंगावर बांधावयाच्या उपकरणात ते बसवावयाचे असो, की पाणी शुद्ध करण्याच्या पात्रात पटलांची चळत रचावयाची असो, प्रत्येक ठिकाणी पटल वाकणारे व पातळ असावे लागते. भुकटी तशीच दाबून वडी केली तर ती बोट लागताच भुगा होते. भुकटीत डिंकासारखा पदार्थ पुष्कळसा घातला तर वडी टिकते, पण डिंक कणांवर लेप चढवितो, छिद्रांची तोंडे बुजतात, आणि एका कणाकडून दुसऱ्याकडे वीज जाईनाशी होते. बंधक पदार्थ किती व कोणत्या प्रकारचा घ्यावा यावरच पटलाचे बरेवाईट ठरते.

भाकरी आणि पोळी

ही गोष्ट स्वयंपाकघरात नित्य दिसणाऱ्या एका भेदावरून चांगली समजते. ज्वारीचे पीठ नुसत्या थंड पाण्यात कालविले तर त्याची भाकरी थापता येत नाही. गरम पाणी घातले म्हणजे पिठातील स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि त्या चिकीने कण एकमेकांस धरतात. तरीही भाकरीची कड चिरतेच. गव्हाच्या कणकेचे तसे नाही. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक तिंबताना त्याचे तंतू ओढले जातात, एकमेकांत गुंततात आणि जाळे तयार होते. या जाळ्यात पिठाचे कण अडकून बसतात. म्हणूनच चांगली तिंबलेली कणीक कागदासारखी पातळ लाटली तरी फाटत नाही. भाकरी चिकीने बांधली जाते, पोळी तंतूंनी.

कार्बनाच्या पटलासाठीही बंधकाचे हेच दोन वर्ग आहेत. पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड हे बहुवारिक पहिल्या वर्गात मोडते. ते द्रावकात विरघळवून त्यात भुकटी कालवितात आणि ती खळ धातूच्या पत्र्यावर पात्याने पसरून वाळवितात. लेप पातळ असेल तर तो चांगला बसतो. जाड केला आणि वाकविला तर भाकरीच्या कडेप्रमाणे चिरतो. शिवाय नेहमी वापरला जाणारा एन-मेथिल पायरोलिडोन हा द्रावक प्रजननक्षमतेस व गर्भास घातक असल्याने त्याचे काम वायुवीजन-कपाटाबाहेर करू नये.

दुसऱ्या वर्गातील बंधक म्हणजे पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन. बाजारात हा पदार्थ टेफ्लॉन या नावाने ओळखला जातो. 6 एप्रिल 1938 रोजी रॉय प्लंकेट यांस तो वायूच्या एका बंद नळकांड्यात अनपेक्षितपणे सापडला. ज्यास काहीच चिकटत नाही म्हणून तव्यास ज्याचा लेप देतात, त्याच पदार्थाने भुकटी बांधावी हे विपरीत वाटेल. परंतु येथे तो चिकटून बांधीत नाहीच. त्याचे अणू-शृंखलारूपी रेणू फार लांब असून एकमेकांस अगदी हलके धरून असतात. त्याच्या बारीक कणांना घासत ओढणारे बल मिळाले म्हणजे, पिंजलेल्या कापसातून सूत निघावे त्याप्रमाणे, कणांतून अतिसूक्ष्म तंतू निघतात. हे तंतू कोळशाच्या कणांभोवती जाळे विणतात, कणावर लेप मात्र चढवीत नाहीत. छिद्रे मोकळी राहतात, कणाला कण टेकलेला राहतो, आणि जाळे वाकते म्हणून पटलही वाकते. शेकडा 5 भाग बंधक त्यामुळे पुरेसा होतो.

कृती

दहा ग्रॅम कोरड्या मिश्रणाचा हिशेब धरावा. त्यात सक्रियित कोळसा 8.5 ग्रॅम, संवाहक काजळी 1 ग्रॅम आणि टेफ्लॉन अर्धा ग्रॅम घ्यावयाचे असते. काजळी घालण्याचे कारण असे की, सक्रियित कोळसा स्वतः विजेचा बेताचाच वाहक आहे. ॲसिटिलिनापासून केलेल्या काजळीचे सूक्ष्म कण त्याच्या मोठ्या कणांमधील फटींत शिरून विजेस वाट करून देतात. टेफ्लॉन पाण्यातील दुधासारख्या पांढऱ्या विखुरणाच्या रूपाने मिळते. त्यात वजनाने शेकडा 60 भाग घन पदार्थ असेल तर अर्ध्या ग्रॅमसाठी 0.83 ग्रॅम विखुरण लागेल. घन पदार्थ आणि विखुरण यांतील हा फरक विसरून अर्धा ग्रॅम विखुरणच घातले जाते, आणि मग पटल का तुटते याचा शोध निष्कारण दुसरीकडे घेतला जातो. विखुरणाची बाटली हलक्या हाताने फिरवून घ्यावी, जोराने हलवू नये. आणि ती कधीही गोठू देऊ नये, कारण एकदा गोठलेले विखुरण पुन्हा पूर्ववत होत नाही.

कोळसा व काजळी प्रथम 100 ते 120 अंशांवर वाळवून खलात एकत्र घोटावी. नंतर काचपात्रात घेऊन सुमारे 50 मिलिलिटर इथिल अल्कोहोल ओतावे व ढवळीत राहावे. पाण्याऐवजी अल्कोहोल घेण्यात दोन हेतू आहेत. ते कोळशाच्या छिद्रांत पाण्यापेक्षा सहज शिरते. आणि विखुरणातील टेफ्लॉनचे कण ज्या साबणासारख्या द्रव्याच्या आधाराने पाण्यात तरंगतात तो आधार ते काढून घेते, त्यामुळे टेफ्लॉन कोळशावर येऊन बसते. विखुरण थोड्या पाण्याने पातळ करून थेंब थेंब सोडावे. एकदम ओतल्यास त्याच्या गुठळ्या होतात आणि पटलात पांढरे ठिपके दिसतात. असे ठिपके दिसल्यास ते मिश्रण लाटून काही उपयोग नाही.

यानंतर पात्र 60 ते 70 अंश तापमानाच्या पाण्यात ठेवून अल्कोहोल हळूहळू उडू द्यावे. येथे उघडी ज्योत सर्वथा वर्ज्य समजावी. काही वेळाने मिश्रण पातळ खिरीसारखे, मग पिठल्यासारखे, आणि शेवटी भांड्याची कड सोडून एकत्र गोळा होईल असे होते. हा क्षण ओळखण्यास डोळ्यांपेक्षा काठी अधिक उपयोगी : ढवळणारी काठी जड लागू लागते आणि गोळा तिच्याबरोबर फिरतो. या वेळी तो बाहेर काढावा. आणखी वाळू दिल्यास तो भुसभुशीत होईल. तसे झालेच तर अल्कोहोलचे काही थेंब शिंपडून झाकून ठेवल्यास बहुधा सावरतो.

आता तिंबणे. सपाट काचेवर किंवा पोलादी पत्र्यावर गोळा ठेवून तो हातमोजे घातलेल्या हाताने दाबीत, दुमडीत व पुन्हा दाबीत राहावे. पहिल्या दोन-चार घड्यांत त्याच्या कडा चिरतात आणि शिकाऊ विद्यार्थ्यास वाटते की बंधक कमी पडला. परंतु चिरा पडण्याचे कारण तंतू अजून निघाले नाहीत हे असते. आठ-दहा वेळा दुमडून तिंबल्यावर गोळ्यास रबरासारखा ताण येतो, आणि हलके ओढले असता तो तुटण्यापूर्वी लांबतो. ज्याने कधी कणीक मळली आहे त्याच्या बोटांस हा बदल शब्दांवाचून कळतो. अति तिंबणेही बरे नाही. तंतू पुरेसे निघाल्यावरही मळीत राहिले तर गोळा ताठ होतो व लाटता लाटता आखडतो.

येथे तापमानाचे एक कारण सांगणे आवश्यक आहे. टेफ्लॉनच्या स्फटिकांची रचना 19 अंश सेल्सिअसला बदलते आणि 30 अंशांच्या सुमारास पुन्हा थोडी सैल होते. 19 अंशांच्या खाली त्याचे रेणू एकमेकांत इतके व्यवस्थित बसतात की ओढले तरी सहजी घसरत नाहीत, आणि तंतू निघत नाहीत. मुंबईच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न सहसा येत नाही. बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, आणि तेथे जानेवारीच्या पहाटे तापमान 15-16 अंशांपर्यंत उतरते. जुन्या दगडी इमारतीतील ओटा दहा वाजेपर्यंत थंडच असतो. अशा सकाळी, आदल्या दुपारी उत्तम जमलेली कृती, तीच मापे व तोच हात असूनही फसू शकते. काच व लाटणे 40-50 अंशांपर्यंत ऊबदार करून घेतले की दोष नाहीसा होतो. विखुरण व टेफ्लॉनची भुकटी साठविताना आणि वाहून नेताना मात्र थंडावाच इष्ट असतो. नाही तर हिसक्यांनीच तंतू निघून तिचे गोळे बनतात.

लाटताना लाटणे एकाच दिशेने फिरविले तर तंतू त्याच दिशेने ताणले जातात आणि पटल आडव्या बाजूने सहज फाटते. म्हणून प्रत्येक लाटणीनंतर घडी घालून पटल काटकोनात वळवावे. दोन्ही बाजूंस समान जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरविले असता जाडी सारखी येते. एकदम पातळ न करता एक मिलिमीटर, अर्धा, मग 0.2 मिलिमीटर असे उतरत यावे. एवढ्या जाडीच्या पटलाची घनता घन सेंटिमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असेल, तर चौरस सेंटिमीटरमागे 10 मिलिग्रॅम वजन भरते; म्हणजे 10 ग्रॅम मिश्रणातून सुमारे 1,000 चौरस सेंटिमीटर, साध्या लेखनकागदाच्या दीड पानाहून थोडे अधिक, पटल निघते. ते दोन काचांमध्ये सैलसर ठेवून 110 ते 120 अंशांवर, शक्य असल्यास निर्वात ओव्हनमध्ये, रात्रभर वाळवावे. मोकळे वाळविल्यास कडा वळतात.

टेफ्लॉन 260 अंशांच्या वर तापवू नये. त्याहून बऱ्याच वर तापविल्यास विषारी धूर निघतात, आणि टेफ्लॉन लागलेल्या बोटांनी विडी-सिगारेट ओढल्यास ज्वर येतो असा अनुभव आहे. फ्लुओरीनयुक्त द्रव्ये निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात म्हणून युरोपात त्यांवर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव 2023 साली मांडला गेला, आणि सेल्युलोज व रबर यांपासून केलेल्या, पाण्यात चालणाऱ्या बंधकांकडे पुष्कळ प्रयोगशाळा वळल्या आहेत. ते चिकीच्या वर्गातले आहेत. पटल आधारावाचून उचलावयाचे असल्यास तंतूंची बरोबरी त्यांस सहजी साधत नाही. बंधकाविनाही पटले होतात : कार्बनच्या सूक्ष्म नळ्या पाण्यात विखरून गाळणकागदावर ओढल्या तर त्या आपल्याच लांबीने गुंततात, आणि सुती कापड निष्क्रिय वायूत जाळले तर विणीसकट कार्बन उरतो. त्यांची कृती स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

परीक्षा

पटल वाकते एवढे म्हणणे पुरेसे नाही. वाकूनही त्याची वीज वाहण्याची शक्ती कायम राहते का हे पाहिले पाहिजे. पटलाची पट्टी कापून 10 मिलिमीटर, मग 5 मिलिमीटर व्यासाच्या काचकांडीभोवती गुंडाळावी, शंभर वेळा उलगडावी व गुंडाळावी, आणि आधी व नंतर रोध मोजावा. रोध दोन टोचण्यांनी मोजल्यास टोचणी व पटल यांच्या स्पर्शाचाच रोध मोजला जाण्याची भीती असते. म्हणून एका रेषेत समान अंतरावर चार टोचण्या टेकवितात, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंतील विभवांतर मोजतात. पटल टोचण्यांतील अंतराच्या मानाने बरेच विस्तृत व पातळ असेल तर विभवांतरास प्रवाहाने भागून 4.53 ने गुणावे, म्हणजे पटलाचा पृष्ठरोध येतो. समजा तो 50 ओहम आला आणि जाडी 0.02 सेंटिमीटर आहे, तर विशिष्ट रोध 1 ओहम-सेंटिमीटर होय. गुंडाळल्यानंतर हा आकडा बराच वाढला तर, डोळ्यांस चीर दिसो वा न दिसो, जाळे आतून तुटले आहे.

धारकता मोजण्यासाठी अडीच सेंटिमीटर बाजूचे दोन चौरस तुकडे कापावे. प्रत्येकात सुमारे 50 मिलिग्रॅम सक्रियित कोळसा असेल. ग्रॅफाइटाच्या पातळ पत्र्यांवर ते ठेवून मध्ये गाळणकागद घालावा व सोडियम सल्फेटच्या द्रावणाने सर्व भिजवावे. टेफ्लॉन पाण्यास दूर लोटते, तेव्हा तुकडे प्रथम अल्कोहोलने ओले करून मग द्रावणात निर्वाताखाली बुडविणे श्रेयस्कर. बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. घाईने केलेल्या मापनात निम्मा कोळसा कोरडाच राहतो.

हे धारित्र एक व्होल्टपर्यंत भारित करून 10 मिलिअँपिअर इतक्या स्थिर प्रवाहाने रिकामे करावे. दाब शून्यावर येण्यास 250 सेकंद लागले तर धारकता 0.01 गुणिले 250, म्हणजे अडीच फॅरड. प्रवाह उलटविताच दाब एकदम थोडा घसरतो. ती घसरण अंतर्गत रोधामुळे असून हिशेबातून वगळावी लागते. आता ग्रॅममागे धारकता किती? दोन्ही तुकड्यांत मिळून 0.1 ग्रॅम कोळसा आहे, तेव्हा 25 फॅरड असे उत्तर येते. पण हे दोन तुकडे एकसरी जोडलेली दोन धारित्रे आहेत. एकट्या तुकड्याची धारकता 5 फॅरड आणि त्यातील कोळसा 0.05 ग्रॅम, यावरून ग्रॅममागे 100 फॅरड ठरतात. दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांत चौपट अंतर आहे. कोणता आकडा कोणत्या पद्धतीने काढला हे न सांगता दोन प्रयोगशाळांची पटले शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एकाने शेर व दुसऱ्याने पायली वापरून धान्य मोजण्यासारखे आहे. दुर्दैवाने असे वारंवार घडते.

या धारित्रात साठणारी ऊर्जा सव्वा ज्यूल, म्हणजे कोळशाच्या किलोग्रॅममागे साडेतीन वॉट-तास इतकी भरते. शिशाचा साधा विद्युत्-घट याच्या सुमारे दहापट ऊर्जा देतो. पटलाचा गुण साठ्यात नसून वेगात व टिकाऊपणात आहे : ते काही सेकंदांत भरते व रिते होते, आणि रासायनिक बदल जवळजवळ होत नसल्याने लाखो वेळा तसे करू शकते.

व्हाइटफील्डचे पाणी

पटलाचा दुसरा उपयोग व्हाइटफील्डच्या रहिवाशास अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. हा भाग दीर्घकाळ विंधनविहिरींच्या व टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहिला. 2024 च्या उन्हाळ्यात पुष्कळ विहिरी आटल्या तेव्हा सर्व बंगळुरास त्याची जाणीव झाली. कठीण खडकाच्या खोल भेगांतून येणाऱ्या पाण्यात क्षार बरेच असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे; दुसरा स्रोत नसल्यास 2,000 पर्यंत चालवून घेतात.

द्विथरात आयन खेटून बसतात, तर द्रवातून ते तितके कमी झालेच पाहिजेत. कार्बन-पटलांच्या जोडीमधून खारे पाणी वाहू दिले आणि त्यांस सुमारे 1.2 व्होल्ट दाब दिला, तर सोडियमचे आयन एका पटलाकडे व क्लोराइडचे दुसऱ्याकडे जातात आणि पाणी गोडे होऊन बाहेर पडते. या पद्धतीचा आरंभ अमेरिकेत 1960 च्या सुमारास झाला. दाब याहून फारसा वाढविता येत नाही, कारण 1.23 व्होल्टपासून पाण्याचेच विघटन शक्य होते.

लिटरभर पाण्यातून 500 मिलिग्रॅम मीठ काढावयाचे आहे असे समजू. ग्रॅमभर पटल एका फेरीत साधारणतः 10 मिलिग्रॅम मीठ धरते. म्हणजे 50 ग्रॅम पटल, क्षेत्रफळाने अर्धा चौरस मीटर, लागेल. एवढे पटल घडीवर घडी घालून लहान डब्यात बसवावयाचे, तर ते लवचिकच हवे. हाताळताना तुटणारी पटले येथे निरुपयोगी ठरतात. विजेचा खर्च पाहता, 58.5 ग्रॅम मिठास 96,500 कूलंब या हिशेबाने 500 मिलिग्रॅमसाठी सुमारे 825 कूलंब आणि 1.2 व्होल्टवर जवळपास 1,000 ज्यूल पडतात. प्रत्यक्षात खर्च याहून अधिक येतो, तरीही तेच लिटरभर पाणी उकळून त्याची वाफ करण्यास नुसती वाफ होतानाच साडेबावीस लाख ज्यूल लागतात. समुद्राचे पाणी मात्र या रीतीने गोडे करणे परवडत नाही. त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि वरील हिशेबाने साडेतीन किलोग्रॅम पटल लागेल.

पटल भरले की दाब काढून दोन्ही टोके जोडतात. धरलेले आयन पुन्हा पाण्यात सुटतात, आणि ते पाणी मूळच्या पाण्याहून अधिक खारट होऊन निघते. ते निराळ्या नळीने काढून घ्यावे लागते. कॅल्शियमयुक्त कठीण पाण्यात पटलावर पांढरे कीट बसते, ते अधूनमधून सौम्य आम्लाने धुवावे. शिवाय धनाग्राचा कार्बन हळूहळू ऑक्सिडीभूत होत जातो, त्याची छिद्रे निकामी होतात आणि दर फेरीस धरल्या जाणाऱ्या मिठाचे प्रमाण उतरते. ही झीज कमी व्हावी म्हणून काही ठिकाणी पटलांची अदलाबदल करतात, म्हणजे धनाग्राचे ऋणाग्र व ऋणाग्राचे धनाग्र करतात. घरगुती वापराच्या यंत्रात पटल किती वर्षे चालेल हे मुख्यतः या एका झिजेवर ठरते.

राहिली धूळ. कापताना व लाटताना उडणारी भुकटी कोरड्या झाडूने कधीही झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडके बंद डब्यात टाकावे, आणि कोरडी भुकटी तोलताना तोंडाला योग्य मुखपट्टी बांधावी. तंतूंनी बांधलेल्या वाळल्या पटलावरून पांढरा कागद घासला आणि त्यावर काळा डाग उमटला, तर ते पटल पात्रात बसविण्यापूर्वी पुन्हा अल्कोहोलने ओले करून तिंबावे.